डॉक्टर झाली, पुढे काय?

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

तळेगाव दाभाडे स्टेशनवरून इंद्रायणी ओलांडून उत्तरेकडे निघाले, की आंबीच्या पुढे नवलाख उंबरे लागते. एके काळी दोन्ही बाजूंना भातखाचरे असलेल्या या रस्त्याला आता औद्योगिक वसाहतीचे फाटे फुटले आहेत. मालाचे कंटेनर आणि बैलगाडी यांना एकमेकांसाठी थांबावे लागते. त्या गावी माझा एक जुना स्नेही राहतो. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवीत असे, म्हणून तो मला अजूनही ‘मास्तर’ म्हणतो. मध्यंतरी त्याच्या नातीने पुण्याहून पीएच.डी. पुरी केली आणि पेढे खायला मला बोलावणे आले.

पेढा हातावर ठेवता ठेवता म्हातारा म्हणाला, “मास्तर, पोरगी डाक्टर झाली. आता दवाखाना कुठं टाकायचा म्हणायचं? तळेगावात की इथंच?”

नात हसली. “आजोबा, मी औषध देणारी डॉक्टर नाही हो.”

“मग कसली?”

“पेशींची. कर्करोगाच्या पेशी असतात ना, त्यांचा अभ्यास.”

“बरं, मग पेशींचा दवाखाना टाक.”

सगळे हसलो. पण स्वयंपाकघरातून मुलीची आई बाहेर आली, ती काही हसत नव्हती. “मास्तर, तुम्हीच सांगा. बी.एस्सी. झाली, एम.एस्सी. झाली, पीएच.डी.ला साडेपाच वर्षं गेली. आता म्हणते, अजून तीन वर्षं पोस्टडॉक. हे शिकणं कुठं संपतं का नाही?”

श्रोतेहो, चाळीस वर्षे मुलांना शिकवूनही मला त्या माउलीला धड उत्तर देता आले नाही. पोस्टडॉक म्हणजे शिक्षण नव्हे, आणि तिला ज्या अर्थाने हवी आहे तशी नोकरीही नव्हे. पदवी हातात असते. स्वतःची प्रयोगशाळा नसते, स्वतःचा विद्यार्थी नसतो, आणि मुदत संपली की पुन्हा अर्ज करायचे असतात. घरी आल्यावर मी जुनी चरित्रे, टिपणे काढून बसलो. मनात आले, आपल्या मराठी मुलखात ज्यांनी जीवरसायन आणि वैद्यक संशोधनाचा पाया घातला, त्यांचे पीएच.डी.नंतर काय झाले? त्यांच्या आयांनाही हाच प्रश्न पडला असेल का?

दोन नावे लगेच डोळ्यांपुढे आली. एक कमला, दुसरी कमल.

कमला भागवत, म्हणजे पुढच्या डॉ. कमला सोहोनी, यांचा जन्म १९११ सालचा, इंदूरचा. विदुषी दुर्गाबाई भागवत यांच्या त्या धाकट्या बहीण. वडील नारायणराव आणि काका माधवराव, दोघेही बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये रसायनशास्त्र शिकलेले. तेव्हा मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी.त पहिल्या आलेल्या कमलाबाईंनी १९३३ साली त्याच संस्थेत अर्ज केला, यात नवल काहीच नव्हते. नवल घडले ते उत्तरात. संस्थेचे संचालक होते सर चंद्रशेखर व्यंकट रामन, नोबेलविजेते. बाईला प्रवेश नाही, असे त्यांनी कळवले. कमलाबाई गांधीजींच्या काळातल्या. त्या बंगळूरला जाऊन थडकल्या आणि कारण विचारीत बसल्या. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष परीक्षेचे समजायचे, संचालकांची खात्री पटेपर्यंत कामाला मान्यता नाही, आणि त्यांच्यामुळे पुरुष विद्यार्थ्यांचे लक्ष विचलित होता कामा नये. ही शेवटची अट आज वाचताना हसू येते. तेव्हा ती गिळताना काय वाटले असेल! वर्ष संपले तेव्हा रामन यांची खात्री पटली आणि संस्थेचे दार पुढच्या मुलींसाठीही उघडले. श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली दूध आणि डाळींमधल्या प्रथिनांवर काम करून १९३६ साली त्या एम.एस्सी. झाल्या.

हा भाग पुष्कळांना ठाऊक आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनात त्यावर नाटुकलीही होते. मला सांगायचे आहे ते त्यापुढचे.

१९३७ साली शिष्यवृत्ती मिळवून त्या केंब्रिजला गेल्या. त्या वेळी केंब्रिजचा जीवरसायन विभाग सर फ्रेडरिक गोलंड हॉपकिन्स यांच्या हाती होता, जीवनसत्त्वांवरच्या कामासाठी १९२९चे नोबेल मिळालेले हॉपकिन्स. आधी डेरेक रिश्टर आणि मग रॉबिन हिल यांच्यासोबत वनस्पतींच्या पेशींवर काम करताना कमलाबाईंना एक गोष्ट सापडली. प्राणवायू वापरून पेशी ऊर्जा तयार करते, त्या साखळीत ‘सायटोक्रोम’ नावाची प्रथिने काम करतात. सायटोक्रोमचे महत्त्व त्याच केंब्रिजमध्ये डेव्हिड कीलिन यांनी १९२५ साली दाखवून दिले होते. कमलाबाईंनी बटाट्यावर काम सुरू केले आणि दाखवले की ‘सायटोक्रोम सी’ वनस्पतींच्या पेशींतही असते. म्हणजे आपण श्वास घेतो आणि बटाटा श्वास घेतो, त्यांत मुळाशी एकच यंत्रणा. चौदा महिन्यांत काम पुरे, प्रबंध अवघा चाळीस पानांचा. १९३९ साली केंब्रिजची पीएच.डी. मिळाली. विज्ञानात अशी पदवी मिळवणाऱ्या अगदी पहिल्या भारतीय स्त्रियांपैकी त्या एक. (आज प्रबंधाचे बाइंडिंग करताना जाडी पाहून समाधान मानणाऱ्यांनी ही चाळीस पाने ध्यानात ठेवावीत.)

मग पुढे काय? त्या मायदेशी परत आल्या. महायुद्धाचे ते वर्ष. दिल्लीच्या लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजात जीवरसायनाचा नवा विभाग निघत होता, तिथे प्राध्यापक आणि विभागप्रमुख म्हणून नेमणूक झाली. पीएच.डी. होताच विभागप्रमुख! आजची मुले म्हणतील, काय भाग्य. पण जरा नीट पाहा. ते मुलींचे वैद्यकीय महाविद्यालय, काम मुख्यतः शिकवण्याचे. केंब्रिजमध्ये जो धागा हाती लागला होता, वनस्पतींच्या श्वसनाचा, तो पुढे नेण्यासाठी लागणारी उपकरणे आणि सोबत काम करणारी माणसे आणायची कुठून? तो विषय तिथेच राहिला. खुर्ची मिळाली, पण विषय गेला. हा व्यवहार त्या काळी अनेकांनी केला आणि त्याची कुठे नोंद नाही.

तिथून त्या निलगिरीतल्या कुन्नूरला गेल्या. रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी उभ्या केलेल्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत त्यांना सहायक संचालकपद मिळाले. हीच प्रयोगशाळा १९५८ साली हैदराबादला हलली आणि पुढे राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून नावारूपाला आली. कुन्नूरला जीवनसत्त्वांवर संशोधन झाले, निबंध प्रसिद्ध झाले, पण वरच्या पायरीची वाट काही दिसेना. कमलाबाईंनी राजीनामा दिला. १९४७ साली विमागणिताचे तज्ज्ञ मा. वि. सोहोनी यांच्याशी विवाह होऊन त्या मुंबईला आल्या. केंब्रिजच्या पीएच.डी.ला तेव्हा आठ वर्षे झाली होती. तीन शहरे झाली होती. आजच्या भाषेत आपण त्याला ‘अस्थिर कारकीर्द’ म्हणू आणि मुलाखतीच्या मंडळातला एखादा सदस्य चष्मा खाली करून विचारील, “इतक्या ठिकाणी का बदल्या?”

मुंबईला रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायनाचा नवा विभाग निघाला आणि तिथे मात्र त्यांना बस्तान मिळाले. आणि इथे विषयही आपल्या मातीतला निवडला. कडधान्यांमध्ये असे काही घटक असतात, जे पोटातल्या ट्रिप्सिन या पाचकरसाला अडवतात. कच्ची कडधान्ये पचायला जड जातात त्याचे हे एक कारण. ते घटक वेगळे करून तपासण्याचे काम कमलाबाई आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी केले. डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेचा अभ्यास हाती घेतला. माडाच्या ताज्या रसात जीवनसत्त्वे आणि लोह किती, कुपोषित आदिवासी मुलांना आणि गरोदर बायकांना त्याचा उपयोग होतो का, हे मोजून पाहिले. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. संस्थेचे संचालकपदही मिळाले, पण हक्काच्या वेळी नव्हे. अंतर्गत राजकारणाने ते काही वर्षे लांबले. बंगळूरच्या दारात उभी राहिलेली मुलगी केंब्रिज करून आली, तरी मुंबईतही तिला दारात थांबावे लागलेच.

आता दुसरी. कमल समर्थ यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७, पुण्याचा. वडील दिनकरराव समर्थ फर्ग्युसनमध्ये जीवशास्त्र शिकवीत. हुजूरपागा, मग फर्ग्युसन, मग पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून सीताफळाच्या कुळातल्या वनस्पतींच्या गुणसूत्रांवर एम.एस्सी. १९३९ साली गणिताचे अभ्यासक ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशी विवाह. लग्नानंतर मुंबई.

परळला १९४१ साली टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले होते आणि तिथे विकृतिशास्त्राचे काम डॉ. वसंत रामजी खानोलकर पाहत होते. खानोलकर हे भारतीय विकृतिशास्त्राचे जनक मानले जातात. त्यांच्या हाताखाली कमलबाई शिरल्या आणि १९४९ साली मुंबई विद्यापीठाच्या पीएच.डी. झाल्या. वय बत्तिशीच्या घरात. ही वयाची नोंद मी मुद्दाम करतो. आज कित्येक फेलोशिपच्या जाहिरातींत बत्तीस किंवा पस्तीस ही वयाची रेघ ओढलेली असते. त्या रेघेशी ताडून पाहिले, तर कमलबाई पदवी घेताघेताच उंबरठ्यावर अडखळल्या असत्या.

पदवीनंतर खानोलकरांनी त्यांना परदेशी फेलोशिपसाठी प्रयत्न करायला सांगितले आणि त्या अमेरिकेत बाल्टिमोरला, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात, जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. (गृहस्थांच्या आडनावाचा उच्चार खरोखरच ‘गाय’ असा आहे.) ही प्रयोगशाळा साधीसुधी नव्हती. शरीराबाहेर, काचेच्या नळीत पेशी जिवंत ठेवून वाढवण्याची विद्या, जिला ऊतिसंवर्धन म्हणतात, तिच्यात गाय यांचा हात धरणारा कोणी नव्हता. नळ्या सावकाश फिरवणारे पिंप त्यांनी १९३०च्या दशकात तयार केले होते. त्यात पेशी कधी पोषक द्रवात, कधी हवेत अशा आलटून-पालटून राहत. १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गाठीतल्या पेशी याच प्रयोगशाळेत वाढू लागल्या आणि आजतागायत जगभर वाढत आहेत. त्याच ‘हेला’ पेशी. त्या बाईची परवानगी कोणी घेतली नव्हती, तेही इथे सांगायला हवे.

आता फरक बघा. कमलबाई बाल्टिमोरला गेल्या, त्या वाऱ्यावर सोडलेल्या नव्हत्या. मुंबईत खानोलकर भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभे करीत होते. ते १९५२ साली सुरू झाले. पोस्टडॉक करून परत येणाऱ्या बाईसाठी खोली, टेबल आणि काम वाट पाहत होते. परत येताच त्यांनी मुंबईत ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा थाटली, देशातली या प्रकारची पहिली. ऐकायला एक वाक्य आहे हे. पण पेशी वाढवायच्या म्हणजे काय? सदतीस अंश तापमान अहोरात्र टिकवायचे. पोषक द्रव ठरल्या वेळी बदलायचा, नाही तर पेशी उपाशी मरतात. हवेतला एखादा बुरशीचा कण शिरला, तर महिन्याची मेहनत एका रात्रीत कुजते. मुंबईच्या पावसाळ्यात, वीज जाते-येते अशा दिवसांत त्यांनी हे तंत्र बसवले आणि पुढच्या पिढ्यांना शिकवले. स्तनाचा कर्करोग आणि अनुवंशिकता यांचा संबंध, विषाणूंचा वाटा, रक्ताचा आणि अन्ननलिकेचा कर्करोग असे विषय तिथे हाताळले गेले. कुष्ठरोगाच्या जंतूवर केलेल्या कामाचीही दखल घेतली गेली. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी केंद्राचे संचालकपद सांभाळले. १९८२ साली पद्मभूषण मिळाले.

याच परळमध्ये, टाटा रुग्णालयापासून हाकेच्या अंतरावर, हाफकिन इन्स्टिट्यूट आहे. वाल्डेमार हाफकिन यांची गोष्ट या निमित्ताने आठवते. ओडेसाहून शिकून आलेल्या या तरुणाला पॅरिसच्या पाश्चर संस्थेत संशोधकाची जागा नव्हती. मिळाली ती ग्रंथपालाची. पुस्तके लावता लावता त्याने पटकीची लस तयार केली आणि १८९७ साली मुंबईत प्लेगची. १० जानेवारीला ती आधी स्वतःलाच टोचून घेतली. म्हणजे जागा नसणे हे दुखणे जुने आहे, आणि एकट्या हिंदुस्थानचेही नाही.

पण आपल्याकडे त्या दुखण्याने काय हिरावून नेले, त्याचे उदाहरण हरगोविंद खुराना. ते मराठी नव्हेत, पंजाबचे. तरी ही गोष्ट त्यांच्याशिवाय पुरी होत नाही. १९४८ साली लिव्हरपूलला पीएच.डी. झाली. मग झुरिचला जवळजवळ वर्षभर पगाराविना, साठवलेल्या पैशांवर संशोधन केले. १९४९ साली ते भारतात परतले, नोकरी शोधली, मिळाली नाही. १९५० साली पुन्हा इंग्लंड, केंब्रिज, १९५२ साली कॅनडा, मग अमेरिका. १९६८ साली जनुकांच्या सांकेतिक लिपीचा उलगडा करण्यातल्या वाट्यासाठी नोबेल. ज्या वर्षी मुंबईत कमलबाईंना पीएच.डी. मिळाली, त्याच वर्षी हा माणूस भारतात नोकरीसाठी खेटे घालीत होता. एकीला खानोलकर भेटले, दुसऱ्याला कोणी भेटले नाही. बुद्धीचा फरक यात कुठेच नाही.

सरकारला हे उमगले नव्हते असे नाही. १९५८ साली परदेशातून परतणाऱ्या शास्त्रज्ञांसाठी ‘सायंटिस्ट्स पूल’ काढला गेला. कायमची जागा मिळेपर्यंत तात्पुरता पगार आणि कुठल्या तरी प्रयोगशाळेत बसायला टेबल. हेतू चांगला होता, आणि अनेकांना त्याने तारले. पण नाव पाहा: पूल म्हणजे साठवण. पाणी साठवायचे ते पुढे सोडण्यासाठी. कालवाच नसेल तर साठवणीचे करायचे काय? पुढे कालवेही निघाले. पुण्यात १९५२ साली विषाणू संशोधन केंद्र सुरू झाले होते, आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था. १९५७ साली कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलात माकडे मरू लागली, माणसे तापाने फणफणली, तेव्हा त्यामागचा विषाणू इथल्याच लोकांनी ओळखला. याच संस्थेने २०२० साली करोनाचा विषाणू वेगळा केला. १९८०च्या दशकात पुणे विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आले. तिथल्या पेशींच्या भांडारातून देशभरच्या प्रयोगशाळांना पेशी पुरवल्या जातात.

कारखान्याची वाटही होती. मावळातून पुण्याला जाताना लोकल पिंपरीला थांबते, तिथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना १९५४ साली स्थापन झाला. पुढच्याच वर्षी तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. या कारखान्याला संशोधन विभाग होता, आणि त्याचे प्रमुख एम. जे. तिरुमलाचार हे मूळचे पिकांच्या रोगांचे, बुरशींचे अभ्यासक. मातीतल्या सूक्ष्मजीवांतून त्यांच्या चमूने बुरशीनाशक प्रतिजैविक शोधले, त्याचे नाव ‘हॅमायसिन’. हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचीच आद्याक्षरे त्यात बसवलेली. पुढे पिकांसाठी ‘ऑरिओफंजिन’ही काढले. माझ्या पिढीतले जीवरसायनाचे कित्येक विद्यार्थी पिंपरीच्या त्या फाटकाकडे आशेने पाहत. कारखान्याचे वैभव नंतर ओसरले. पण कारखान्यात राहूनही मूळ संशोधन होते, हे तिथे एकदा सिद्ध झाले होते, एवढे खरे. आमच्या मनात मात्र ‘कंपनीत गेला’ म्हणजे विज्ञानातून गेला, अशी एक अढी असे. मीही विद्यार्थ्यांपुढे तसे बोललो आहे. ते चुकलेच.

कमलबाई रणदिव्यांकडे पुन्हा वळतो, कारण मला त्यांच्या प्रयोगशाळेइतकेच त्यांचे दुसरे काम मोलाचे वाटते. १९७३ साली सहकारी स्त्री-शास्त्रज्ञांना घेऊन त्यांनी भारतीय स्त्री वैज्ञानिकांची संघटना मुंबईत काढली. नुसती भाषणांची नव्हे. पुढे वाशीला या संघटनेच्या वास्तूत नोकरी करणाऱ्या स्त्रियांसाठी वसतिगृह आणि मुलांसाठी पाळणाघर चालू झाले. पीएच.डी.नंतरची पाच-सात वर्षे हीच लग्नाची, बाळंतपणाची वर्षे असतात. या वर्षांत मुलगी संशोधनातून गळते ती बुद्धी कमी पडते म्हणून नव्हे, संध्याकाळी सहा वाजता मूल कोणी घ्यायचे म्हणून. पेशी वाढवणाऱ्या बाईला हे बरोबर कळले. केंद्र सरकारनेही २००२-०३ साली खंड पडलेल्या स्त्री-शास्त्रज्ञांना परत आणण्याची योजना सुरू केली, पण त्याला मध्ये तीस वर्षे जावी लागली. निवृत्तीनंतर कमलबाई अहमदनगर जिल्ह्यातल्या (आता अहिल्यानगर) अकोले तालुक्यात आदिवासी मुलांच्या कुपोषणावर काम करीत राहिल्या. म्हणजे फिरून कमला सोहोनींच्याच विषयापाशी आल्या. १९९८ साली कमलाबाई गेल्या, २००१ साली कमलबाई.

हे सगळे घेऊन मी पुन्हा नवलाख उंबऱ्याला गेलो. रविवार होता. म्हाताऱ्याला आणि त्या माउलीला दोघींची गोष्ट सांगितली. बटाटा श्वास घेतो हे ऐकून म्हाताऱ्याने कणगीशेजारच्या बटाट्यांच्या पोत्याकडे एकदा निरखून पाहिले. आई मात्र मुद्द्यावरून हलली नाही. “म्हणजे त्या दुसऱ्या बाईंची जागा आधीच ठरलेली होती. हिची कुठं ठरलीय?”

नात शांतपणे म्हणाली, “नाही ठरलेली. प्रकल्प मार्चपर्यंत आहे. त्याच्या आत दोन ठिकाणी अर्ज करायचेत, एक पुण्यात, एक बाहेर.” मागच्या वर्षी तिच्या फेलोशिपचे पैसे पाच महिने थकले होते, हे तिने आईला कधी सांगितलेच नव्हते, त्या दिवशी बोलता बोलता निघून गेले. आई काही क्षण तिच्याकडे पाहत राहिली. मग आत गेली आणि डबा भरून घेऊन आली. इंद्रायणीचा भात, वर आमटी वेगळ्या डब्यात.

“रविवारी कशाला जातेस पण?” म्हाताऱ्याने विचारले.

“आज पेशींचं खाणं बदलायचंय आजोबा. उद्यापर्यंत थांबल्या नाहीत तर?”

म्हाताऱ्याने काठी उचलली आणि तळेगाव स्टेशनला जाणारी सहा आसनी मिळेपर्यंत तिच्याबरोबर फाट्यावर जाऊन उभा राहिला.